आबांच्या खळ्यातली पोरं आणि माझ्या काउंटरवरची पिशवी

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. देवगड तालुक्यात एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे, सतरा वर्षं झाली, आणि ही केस लिहितोय त्यात माझी पण चूक आहे, ती मधे येईलच. घरच्यांना विचारून लिहितोय, ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी बदलल्यात. लिहितोय कशाला, तर डिमेन्शियावर, म्हणजे म्हातारपणी बुद्धी आणि भान उतरत जाण्यावर, आपल्याला वाचायला मिळतं ते एकतर विसरभोळेपणाची लक्षणं नाहीतर परदेशातलं नवीन इंजेक्शन, आणि आमच्याकडे जे घडलं त्यात विसरणं सुरुवातीला नव्हतंच.

माणूस म्हणजे आबा. तेव्हा वय ७३. एसटीत ड्रायव्हर होते, देवगड-मुंबईची रातराणी कित्येक वर्षं चालवली, रिटायर झाल्यावर चाळीसेक हापूसची कलमं आणि घर. घरात काकी, मोठा मुलगा जो बाग बघतो, त्याची बायको (मी वयनी म्हणतो), दोन नातवंडं. धाकटा मुंबईला.

सुरुवात कुठून धरायची हाच पहिला घोळ. घरच्यांच्या मते आजार जून २०२२ ला लागला. पाऊस सुरू झालेला, लाईट गेलेली, तिन्हीसांजेची वेळ, आबा पडवीत बसलेले आणि काकीला म्हणाले, "अगो, ती पोरां कित्याक भिजतत खळ्यात, तेंका आत बोलव." खळ्यात (अंगणात) कोणी नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. तीन पोरं, दोन चेडवां (मुली) आणि एक झील (मुलगा), फणसाखाली उभी, बोलत नाहीत, नुसती बघतात. आबा घाबरलेले वगैरे अजिबात नाही, उलट पायरीवर बिस्किटाचा पुडा ठेवायला लागले.

आता कोकणात खळ्यात भिजलेली न बोलणारी तीन पोरं दिसली म्हटल्यावर पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. पाठच्या विहिरीची जुनी गोष्ट निघाली, भगताकडे जाऊन आले, राखणदाराला नारळ दिला, देवळात गाऱ्हाणं घातलं. ह्याला मी हसत नाही. गाऱ्हाणं घातल्यावर काकी महिनाभर नीट झोपली, तेवढं काम माझ्या दुकानातल्या कुठल्या गोळीने केलं नव्हतं. नुकसान झालं ते दुसरीकडे. कोणीतरी सांगितलं दिवेलागणीनंतर ह्यांना खळ्यात जाऊ देऊ नका, मग दाराला कडी, मग आबा दारावर धडका मारायला लागले, आणि मग "आबा मारकुटे झालेत" अशी बातमी वाडीभर.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसादिवसाचा फरक. एक दिवस बागेतल्या गड्यांचा पगार तोंडी बरोब्बर सांगणार, दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्चीत बसलेले, तोंड उघडं, हाक मारली तरी नजर भिंतीच्या पलीकडे. एकाच दिवसात सुद्धा व्हायचं हे, सकाळी एक माणूस, संध्याकाळी दुसरा. मोठा मुलगा वैतागून माझ्याकडे म्हणाला, "कामाच्या वक्ताक बरे नाटकां करतत." त्याचं पण बरोबर होतं, बाहेरून ते नाटकच दिसतं. आणि शर्टाची बटणं खालीवर लागायची, ग्लास टेबलाच्या बाजूला हवेत ठेवायचे, उंबऱ्याला ठेच. आयुष्यभर एसटी इंचाइंचाने काढणारा माणूस, त्याला दरवाज्याची रुंदी कळेना.

आता माझा भाग.

पावसाळ्यात अंगाला खाज, म्हणून एका दवाखान्यातून रात्रीची खाजेची गोळी. रात्री सारखं लघवीला, म्हणून दुसऱ्या ठिकाणाहून ऑक्सिब्युटिनिन. झोप नाही म्हणून तिसरीकडून ॲमिट्रिप्टिलिन. प्रत्येक चिठ्ठी आपल्या जागी ठीक वाटेल अशी, आणि चिठ्ठ्या वेगवेगळ्या पण दुकान एकच, माझं. आठ महिने मी ह्या गोळ्या कागदात बांधून देत होतो, बाकी किती राहिली तेवढं विचारत होतो, आणि एकदाही तिन्ही एका ओळीत ठेवून बघितल्या नाहीत. कॉलेजात शिकलेलं होतं हो. पण काउंटरवर गर्दी असली की माणूस चिठ्ठी वाचतो, पेशंट वाचत नाही.

ह्या तिन्ही गोळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं एक रसायन लक्ष आणि आठवणीच्या कामाचं, ह्या गोळ्या त्याची वाट अडवतात. खाजेच्या नव्या गोळ्या फारशा अडवत नाहीत, जुन्या झोप आणणाऱ्या अडवतात. तरण्या माणसाला तोंड कोरडं आणि बद्धकोष्ठ इतपतच त्रास, म्हाताऱ्या मेंदूला मात्र नुसत्या ह्या गोळ्यांनीच भ्रम होऊ शकतो. आणि आबांचा आजार नेमका असा निघाला की त्यात हे रसायन आधीच फार कमी झालेलं असतं.

फेब्रुवारी २०२३ मधे पोरं दिसणं वाढलं, रात्री ओरडणं वाढलं, तेव्हा घरच्यांनी एका डॉक्टरांना दाखवलं आणि हॅलोपेरिडॉलचे थेंब सुरू झाले. भास होतात तर भासाचं औषध, वरवर बघता चूक कुठे आहे? तिसऱ्या दिवशी वयनी दुकानात आली, डोळे सुजलेले. आबा लाकडासारखे कडक झालेत, मान वळत नाही, लाळ गळते, पेज घशाखाली उतरत नाही. हातात नवीन चिठ्ठी, कडकपणा कमी करायला ट्रायहेक्सीफेनिडिल. म्हणजे परत तीच वाट अडवणारी गोळी, चौथी. खाजेपासून निघालेली गाडी इथपर्यंत आली होती, दर स्टॉपला एक औषध चढत होतं आणि उतरत कोणीच नव्हतं.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. वयनीला म्हटलं, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या, अर्ध्या पट्ट्या, बाटल्या, काढ्याच्या पुड्या, सगळं एका पिशवीत घालून आण. तासाभरात ती पिशवी काउंटरवर ओतली. अकरा प्रकार निघाले, त्यात काकीच्या शुगरच्या गोळ्या पण मिसळलेल्या. मी डॉक्टरांना फोन लावला, भीतभीतच, कारण मेडिकलवाल्याने डॉक्टरला शिकवू नये हा आमच्याकडचा अलिखित नियम. ते पाच मिनिटं गप्प ऐकत होते. मग म्हणाले थेंब आत्ताच्या आत्ता बंद, नवीन गोळी देऊ नका, पेशंटला घेऊन या. दोन दिवस सलाईनवर ठेवलं. बाकीच्या गोळ्या त्यांनी एकेक करत उतरवल्या, काही हळूहळू. हे मुद्दाम सांगतो, कारण हे वाचून घरच्या घरी गोळ्या बंद करणारी मंडळी असतात. तसं करू नका, अचानक बंद केल्याने पण गडबड होते.

दहाएक दिवसांत आबा परत चालायला लागले. पोरं मात्र खळ्यात होतीच, कमी वेळा पण होती. म्हणजे सगळा दोष गोळ्यांचा नव्हता, खाली आजार होता आणि गोळ्यांनी त्याच्यावर रॉकेल ओतलं होतं.

डॉक्टरांनी कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी, आणि तो काळ आंब्याचा. म्हणून वयनीला म्हटलं तोपर्यंत लिहून ठेव. काय लिहू? जे दिसेल ते, वेळ टाकून. तिने पेट्यांच्या हिशोबाची वही घेतली, पुढून आंबा आणि मागून आबा. त्यातल्या काही ओळी तिला विचारून देतोय: "सायं ६.४० पोरं दिसली, २ च होती, लाईट होती तेव्हा गेली." "दुपारी १ ते ४ मुके. ४.३० ला पेपर वाचला." "उठताना तोल गेला, बाथरूमजवळ, तिसऱ्यांदा." "रात्री २.१० ला पाय आपटले, हात गोल फिरवले, काकी म्हणतात गाडी चालवतात."

ही शेवटची ओळ. मी काकीला विचारलं, हे कधीपासून? काकी सहज म्हणाली, "झाली की धा-बारा वर्सां. झोपेत गाडी चलयतत, ब्रेक मारतत, एकदा माका लाथ बसली तेव्हापासून मी खाट वेगळी केलंय. माका वाटला ता ड्रायव्हर लोकांचा असताच." दहाबारा वर्षं! आणि आम्ही आजार जून २०२२ पासून मोजत होतो. वास येत नव्हता ते पण असंच निघालं, बांगडा जळला तरी आबांना पत्ता नाही, ते घरच्यांनी कोविडच्या खात्यावर टाकलेलं.

कोल्हापूरला फोंडा घाटातून गेलो, मोठा मुलगा बाग सोडून येऊ शकत नव्हता म्हणून मी, वयनी आणि आबा. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी आबांशी गप्पा मारल्या. गाडीचा रूट सांगा म्हणाल्या. आबांनी देवगड, जामसंडे, शिरगाव, नांदगाव, तळेरे, खारेपाटण, राजापूर, लांजा असं करत पनवेलपर्यंत सगळं घडाघडा म्हटलं, चहाला कुठे थांबायचो ते पण सांगितलं. वयनी माझ्याकडे बघायला लागली की हे तर ठणठणीत. मग मॅडमनी कागद दिला, घड्याळ काढा. आबांनी गोल काढला आणि बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले, काटे गोलाच्या बाहेर. स्वतःच बघत बसले त्याच्याकडे. तो कागद मला अजून दिसतो.

मग ब्लडप्रेशर झोपवून आणि उभं करून, झोपून १४०, उभं राहिल्यावर १०४. पडण्याचं उत्तर तिथेच मिळालं. बी-१२, थायरॉईड, एमआरआय सांगितलं, कारण ह्या गोष्टींत सुधारता येण्यासारखं काही सापडलं तर ते आधी सुधारतात. बी-१२ खरंच कमी होतं, इंजेक्शनं दिली. आणि मग मॅडमनी वही वाचली, चांगली दहा मिनिटं, पान उलटून उलटून, आबांच्या रात्रीच्या झोपेतल्या हालचालींचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बघितला आणि म्हणाल्या, अर्धं निदान ह्या वहीनेच केलंय.

लेवी बॉडी डिमेन्शिया. नाव मी वाचलेलं होतं, पेशंट बघितला नव्हता, म्हणजे बघितला असेल पण ओळखला नव्हता. फ्रेडरिक लेवी नावाच्या जर्मन डॉक्टरने १९१२ मधे पार्किन्सनच्या पेशंटांच्या मेंदूत पेशींच्या आत काही गोळे बघितले, त्याच्या नावाने हे ओळखतात. ते गोळे अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रोटीनचे, हे कळायला १९९७ उजाडलं. मधे जपानमधे केंजी कोसाका यांनी १९७६ पासून दाखवून दिलं की हे गोळे मेंदूच्या वरच्या थरात पसरले की डिमेन्शिया होतो. हॉलिवूडचा नट रॉबिन विल्यम्स २०१४ मधे गेला, त्याच्या मेंदूत हेच होतं आणि ते शवविच्छेदनानंतर कळलं. त्याच्याकडे काय डॉक्टरांची कमी होती का, तरी.

ह्या आजाराच्या निदानाच्या २०१७ च्या निकषांप्रमाणे डिमेन्शियासोबत चार मुख्य लक्षणं बघतात. दिवसादिवसाला वरखाली होणारं भान, डोळ्यासमोर स्पष्ट दिसणारी माणसं-जनावरं, झोपेत स्वप्नं हातापायांनी करणं, आणि पार्किन्सनसारखा कडकपणा-मंदपणा. चारातली दोन असली तरी निदानाकडे जाता येतं. आबांकडे थेंबांच्या आधीच तीन होती. हे सगळं आपल्या घरात वर्षभर बोललं जात होतं, फक्त एकेका वाक्यात वेगवेगळ्या तोंडातून. भास भगताकडे गेले, पडणं माझ्याकडे, लाथा काकीकडे राहिल्या.

आणि इथे मला रिसर्चबद्दल बोलायचंय. आपल्याला वाटतं संशोधन म्हणजे लॅब आणि उंदीर. पण झोपेतल्या लाथा ह्या यादीत मुख्य लक्षण म्हणून २०१७ लाच आल्या, आणि त्या आल्या त्यामागे जोडीदारांनी सांगितलेलं आणि मरणोत्तर मेंदू तपासून पडताळलेलं असं दोन्ही आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या झोपेवरच्या प्रश्नावलीत शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारायचा मुख्य प्रश्न एकच आहे, हा माणूस झोपेत स्वप्नातल्यासारखी हालचाल करतो का. तेवढ्यावर पुष्कळसं कळतं. तो प्रश्न काकीला कोणी २०१२ ला विचारला असता तर तिने एका वाक्यात उत्तर दिलं असतं. कोणी विचारलाच नाही, मी पण नाही.

भारतातला आकडा आता बऱ्यापैकी आहे. लासी-डॅड नावाच्या पाहणीवरून २०२३ मधे अंदाज आला की साठीच्या पुढच्यांत ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे देशात ८८ लाखांच्या आसपास, आणि खेड्यात शहरापेक्षा प्रमाण जास्त. आमच्या वाडीत साठीपुढची चाळीसेक माणसं आहेत, म्हणजे हिशोबाने तीन. मला एक माहितीये. बाकीचे दोन कोण, हा विचार डोक्यात आला की मी एसटी स्टँडवर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे वेगळंच बघतो. बंगळूरच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचे लोक कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरच्या गावांतून हजारो माणसांना वर्षानुवर्षं तपासतायत, शेतकरी माणसं, शाळा कमी शिकलेली. हे फार गरजेचं आहे, कारण परदेशी चाचणीत शंभरातून सात वजा करत जा म्हणतात, आमची लिहायला-वाचायला न शिकलेली आजी त्यात नापास होणारच, पण कुठल्या कलमाला गेल्या साली किती पेट्या लागल्या ते ती सांगेल. कोकणातल्या माणसाला काय विचारायचं हे कोकणातूनच कोणीतरी लिहायला लागेल. आबांचा रूट हा माझ्या दृष्टीने त्यातलाच एक प्रश्न.

औषध सुरू झालं रिव्हास्टिग्मिन, कमी डोसपासून. हे त्याच ॲसिटिलकोलिनला लवकर मोडू देत नाही. आता जुन्या गोळ्या चालू ठेवून हे दिलं असतं तर पोफळीच्या पाटाला पाणी सोडायचं आणि वरचा बांध फोडून ठेवायचा, असा प्रकार झाला असता. कॅप्सूलने मळमळ झाली, पॅच लावला तर मे महिन्याच्या घामात टिकेना, शेवटी पाठीवर वर खांद्याजवळ, आंघोळ झाल्यावर पुसून कोरडं करून लावायचा असं वयनीने शोधून काढलं. रात्रीच्या लाथांसाठी मेलाटोनिन. लघवीची गोळी गेलीच, त्याऐवजी संध्याकाळी सहानंतर चहा बंद.

मुंबईहून धाकट्याचा फोन, व्हॉट्सॲपवर आलंय अमेरिकेत इंजेक्शन निघालंय, पैसे मी बघतो. त्याला समजावलं की लेकॅनेमॅब २०२३ ला तिकडे मंजूर झालं हे खरं, पण ते अल्झायमरसाठी, सुरुवातीच्या टप्प्यासाठी, मेंदूत ॲमिलॉइड नावाचं प्रोटीन साठलेलं सिद्ध झालं तरच. त्यात पण दीड वर्षात घसरण साधारण २७ टक्क्यांनी हळू झाली, थांबली नाही, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतोय का ते बघायला वरचेवर एमआरआय. आबांच्या आजारावरचं ते औषधच नव्हे. तो जरा नाराज झाला. लांब राहणाऱ्या मुलाला पैसे देता येतील असं काहीतरी हवं असतं, म्हणून त्याला म्हटलं मोतीबिंदूचं ऑपरेशन बघ आणि इन्व्हर्टर घे.

आणि खरंच ह्या दोन गोष्टींनी जो फरक पडला तो बघण्यासारखा होता. डोळ्याला नीट दिसत नसलं की असे भास वाढतात. पावसाच्या आधी एका डोळ्याचं झालं. इन्व्हर्टरवर पडवीत आणि खळ्याच्या कोपऱ्यात बल्ब, तिन्हीसांजेच्या आधीच लावायचा. खुंटीवरचा रेनकोट काढला, तो रोज "मुकादम" व्हायचा. कपाटाच्या आरशावर जुनी साडी. दाराची कडी काढली. आणि वाद बंद. आबा विचारतात, "पोरां जेवली काय?" काकी कढईतून मान वर न करता म्हणते, "जेवान गेली घराक." बस, आबा गप्प. आधी ह्याच प्रश्नावरून तासतास भांडण व्हायचं.

चतुर्थीला मात्र गडबड झाली. घरात तीस माणसं, भजनं, फटाके, जागरण. आबा चाकरमान्यांसमोर दोन दिवस अगदी छान, सगळ्यांना नावानिशी ओळखलं, आणि सगळे वयनीलाच सांगायला लागले की तू उगाच आजारी करून ठेवलंयस. ते गेल्यावर चार दिवस आबा खुर्चीतून उठले नाहीत. वयनीने वहीत त्या दिवशी काही लिहिलं नाही, नुसती तारीख आहे.

दोन वर्षं होऊन गेली आता. आजार पुढे सरकतोय, ते लपवण्यात अर्थ नाही. चालणं बारीक पावलांचं झालंय, रूट म्हणताना हातखंब्याच्या पुढे अडकतात. पोरं आठवड्यातून एखाददोनदा येतात. घरातल्या सगळ्या कागदांच्या पुढे एक कागद लावलाय, लॅमिनेट केलेला: लेवी बॉडी डिमेन्शिया, हॅलोपेरिडॉल देऊ नये. रात्रीबेरात्री कुठल्या दवाखान्यात न्यायची पाळी आली तर पहिला तो पुढे करायचा.

मधे एका बऱ्या सकाळी आबांनीच मला विचारलं, "माज्या डोक्याचो कोणाक उपेग होतलो काय रे?" मला आधी कळलंच नाही, मग लक्षात आलं की मेंदू दान करता येतो हे मी कधीतरी बोललो होतो. बंगळूरला निम्हान्स ह्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत १९९५ पासून मेंदूची पेढी आहे. पण मेंदू काही तासांत काढून जतन करावा लागतो आणि देवगड तालुक्यातून पावसाळ्यात ते कसं जमवायचं, कोण काढणार, कोण नेणार, हे मी विचारत बसलोय. मोठ्या मुलाचा विरोध आहे, काकी काही बोलत नाही. सध्या तो विषय वहीत शेवटच्या पानावर, वयनीच्या अक्षरात एका ओळीत आहे.

माझ्या दुकानात मी एक रजिस्टर सुरू केलंय. साठीच्या पुढचं माणूस आणि पाचाहून जास्त औषधं असली की पिशवी घेऊन या म्हणतो आणि सगळ्या चिठ्ठ्या एका पानावर उतरवतो. तेवीस नावं झालीत. सात जणांच्या बाबतीत डॉक्टरांना फोन केला, चौघांनी ऐकून औषध बदललं, दोघांनी बघतो म्हटलं, एकाने फोन आपटला. घरच्या माणसाला मी हल्ली एक प्रश्न जास्तीचा विचारतो, झोपेत लाथा मारतात का. बायका आधी हसतात. गेल्या आठवड्यात एक हसली नाही, तिने पुढची दहा मिनिटं मला सगळं सांगितलं, आणि मी तिला कोरी वही दिली.